गल्ली गं!

माझी सून गावं वसवते. कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी. घरं, रस्ते, माणसं, त्यांची भांडणं, सगळं तिच्या डोक्यातून निघतं. शेजारीण म्हणाली, "म्हणजे दिवसभर खेळतच बसते की!" मी म्हटलं, "तू एक गल्ली वसवून दाखव, मग बोल." अशांची तोंडं मी जागच्या जागी बंद करते.

तिच्या नव्या गावात आई ही भानगडच नाही. पोरं अख्खी गल्ली मिळून वाढवते. त्या गावासाठी तिनं जिवाचं रान केलं होतं, आणि एका संध्याकाळी चेहरा पाडून घरी आली. साहेब म्हणाले होते, माणसं बाहुल्या वाटतात. सोमवारी पुन्हा बघू, नाही पटलं तर गाव रद्द.

"रद्द म्हणजे?"

"पुसून टाकायचं, आई."

माझा पाराच चढला. तरातरा उठले आणि पायाची करंगळी पलंगावर अशी आपटली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. "आई गं!"

सून पाय बघायचा सोडून माझ्या तोंडाकडेच बघत राहिली. "काय म्हणालात?"

"आई गं म्हणाले! मग काय, वा वा म्हणू?"

"अहो, माझ्या गावातली माणसंही ठेचकाळली की 'आई गं'च म्हणतात! ज्यांना आईच नाही, ती कशाला म्हणतील?"

तडक कामाला बसली. आता तिथे लागलं की "गल्ली गं!", शपथ घ्यायची तर "गल्लीशपथ", आणि कुणी फारच माजला तर "तुला कुठल्या गल्लीनं वाढवलं रे?"

सोमवारी साहेब स्वतः खेळायला बसले. बराच वेळ त्या गावात रमले. चहाला उठताना गुडघा टेबलावर आदळला आणि त्यांच्या तोंडून निघालं, "गल्ली गं!" सगळं ऑफिस हसत सुटलं. गाव राहिलं. मी शेजारणीला मुद्दाम दारात गाठून सांगितलं, दोनदा.

घरी हे सांगता सांगता सून सहज म्हणाली, "मलाही गल्लीनंच वाढवलं ना." तिची आई ती लहान असतानाच गेली. आमच्याकडे आल्यापासून लागो, भाजो, हिच्या तोंडून अवाक्षर नाही. मला वाटायचं, पोर सोशिक आहे.

परवा ती कपाट आवरत होती. बोट दारात सापडलं आणि आवाज आला, "आई गं!"

हातातला झारा टाकून मी धावले.

"अहो, तुम्हाला नव्हती मारली हाक," ती लाजून म्हणाली.

"मग कुणाला? या घरात दुसरी आई कोण आहे? दाखव ते बोट."