बारावी

"पाय घासून ये. दगडाने घास."

पाळकीणबाईंनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, पाळकसाहेबांच्या बायकोने, मला मागच्या नळावर पाठवलं. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवसाची गोष्ट. येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून नाशिकच्या आमच्या चर्चमध्ये त्या संध्याकाळी पाळकसाहेब मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात. एक सभासद आजारी पडले. म्हणून ऐनवेळी बारावी मी. मी पाळकांच्या घरी धुणीभांडी करायचे, चर्च झाडायचे, मागच्या खोलीत राहायचे. पेठकडची कोकणा आदिवासी बाई. पायांना भातखाचरातल्या जुन्या भेगा.

रक्त येईपर्यंत घासले. दुसरा धुणार ते पाय आपणच आधी धुऊन न्यायचे, हे मला विचित्रही वाटलं नाही. लाज वाटली, तीही स्वतःच्याच पायांची. याचा राग मला अजून येतो.

सहा वर्षं बाईंनी मला एकच शिकवलं होतं. स्वतःला नाकार, रोज आपला क्रूस उचल. सुट्टी मागितली की क्रूस. ताप आला तरी क्रूस. आई आजारी होती, गावी जाते म्हटलं, तर हाच तुझा त्याग, म्हणाल्या. आई गेली त्या दिवशी मी त्यांच्या पाहुण्यांची भांडी घासत होते. आणि मी येडी, मला वाटायचं आपण देवाच्या जवळ चाललोय.

संध्याकाळी ओळीत बसले. पाळकसाहेबांनी अकरा जणांचे पाय हातात धरून धुतले, पुसले. डॉक्टरांचे, बँकेतल्या साहेबांचे. माझ्यापाशी आले आणि तांब्या वरूनच ओतला. टॉवेल माझ्या मांडीवर टाकला. पिढ्यान् पिढ्या बाप्तिस्मा घेऊनही यांचं सोवळं काही सुटलं नव्हतं. मंडळी गाणं म्हणत राहिली. सगळ्यांनी पाहिलं.

उपासना संपल्यावर बाईंनी ते पाण्याचं घमेलं माझ्याकडे सरकवलं. पाणी टाक, फरशी पूस, म्हणाल्या. मी पायानेच ते परत त्यांच्याकडे सरकवलं.

"बाई, क्रूस रोजचा हाय ना? मंग आज तुमी उचला."

त्या लाल झाल्या. येशूचा क्रूस वाहणाऱ्या शिमोनाने कधी तोंड वर केलं नाही, म्हणाल्या.

"त्याला शिपायांनी रस्त्यातून धरून आणला व्हता. त्याला कुणी इचारलं नाय. मलाबी नाय इचारलं."

त्याच संध्याकाळी खोली गेली, काम गेलं. पाळकसाहेब दारात उभे होते.

आता इंदिरानगरात चार घरी स्वयंपाक करते. प्रार्थना सोडलेली नाही. येशूने जीव दिला तो स्वतःच्या मर्जीने, एवढं मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं. क्रूस मीही उचलते. कुठला, कधी, कुणासाठी, ते मी ठरवते. दुसऱ्याने आणून माझ्या खांद्यावर ठेवला, तर तिथेच खाली टाकते. आवाज होईल असा टाकते.