वाळूत राहणारा मासा

लातुरात मी ज्या कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत होतो, त्याच्या मालकाने ऑफिसात समुद्री माशांची टाकी बसवली. गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. पण पालकांवर छाप पाडायची म्हटल्यावर मीठ कालवायला त्याच्याकडे पाणी होतं.

टाकीत पाच-सहा रंगीत मासे होते आणि एक बोटाएवढा, पिवळ्या डोक्याचा, वटारलेल्या डोळ्यांचा जॉफिश. मराठीत त्याला नाव नाही. तोंडाने वाळू उपसून तो बीळ करतो आणि त्यातून नुसतं डोकं बाहेर काढून बसतो. त्यांच्यातला नर अंडी फुटेपर्यंत तोंडात सांभाळतो. मालकाला हे सांगायला गेलो, तर तो मोबाइलमध्ये बघत राहिला.

"सर, ह्यो मासा दिसतच न्हाई. पालकाला काय बीळ दाखवू?"

"तो तसाच राहतो. वाळू काढली तर बिथरेल, उडी मारून बाहेर पडेल."

"तुम्ही पुस्तकं लई वाचता," म्हणून तो हसला. शेजारी उभा असलेला क्लासचा मॅनेजरही हसला. कशाला हसायचं हे त्याला कधीच कळत नसे. मालक हसला एवढं त्याला पुरे.

दुसऱ्या दिवशी वाळू उपसली आणि तळाला आरसा टाकला. झाकण फोटोत वाईट दिसतं म्हणून तेही काढलं. मासा कोपऱ्यात काचेवर तोंड घासत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी झाडणाऱ्या बाईने मला हाक मारली, "सर, सोफ्यामागं पाल मेलीय का बघा." पाल नव्हती.

"कमजोर माल निघाला," मालक म्हणाला. नापास झालेल्या पोरांनाही तो मालच म्हणायचा.

पुढे बाकीचे मासेही मेले. मग टाकीत साधं पाणी भरून नांदेडहून आणलेले गोल्डफिश सोडले आणि वर पाटी लावली: 'समुद्री जीवन'.

एकदा किनवटकडचा एक शेतकरी मुलीला प्रवेशासाठी घेऊन आला. त्याने मला विचारलं, "सर, हे समुद्रातले हायत का?"

मालक शेजारीच उभा होता. मी म्हटलं, "हाव."

मुलगी म्हणाली, "न्हाई बाबा. हे गोड्या पाण्यातले."

"गप! सरांपेक्षा तुला जास्त कळतं का?"

तिने आमच्याकडे प्रवेश घेतला नाही. चांगलं केलं. मालकाची मला आधीपासूनच किळस होती. त्या दिवसापासून ती किळस त्याच्यापुरती राहिली नाही. तरी पुढचं वर्षभर मी तिथेच शिकवत होतो.