सहाशे मिली पाणी आणि एक तांब्या शहाळं

माझ्या चुलत्यांना, तात्यांना, कांद्याच्या चाळीत घोणस चावली, तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते. सडका कांदा वेगळा काढताना हात चाळीच्या तळाशी गेला आणि करंगळीला दंश झाला. खोडदच्या वस्तीवर तेव्हा शेजाऱ्याची एकच जीप होती आणि ती त्या दुपारी घरी होती. आधी मंत्राने विष उतरवणाऱ्या जाणत्याला दाखवून घेऊ, असं कुणीतरी सुचवलं. तात्या तोवर जीपमध्ये बसले होते. त्यांनी ड्रायव्हरला निघायला सांगितलं. नारायणगावच्या डॉक्टरांनी प्रतिविष दिलं, दोन दिवस उशाशी थांबून रक्तस्राव आटोक्यात आणला. ते झालं नसतं, तर पुढचं काहीच लिहावं लागलं नसतं.

तिसऱ्या दिवशी तात्यांची लघवी बंद झाली. पाय सुजले, उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी पुण्याला चिठ्ठी दिली. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं होती. जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यात डायलिसिसचं यंत्र असल्याचं आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. ज्या रोगाचं नाव आम्ही ऐकलं नव्हतं, त्याच्या यंत्राची चौकशी तरी कोण करणार? मी पुण्यात नोकरीला होतो, कामाची पाळी संध्याकाळची होती. त्यामुळे दिवसा हॉस्पिटलमध्ये बसण्याचं काम माझ्याकडे आलं. काकी चोवीस तास तिथेच होती.

पुण्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी जे सांगितलं, ते मी लिहून ठेवलं होतं. विषामुळे दोन्ही मूत्रपिंडं बंद पडली आहेत. ती पुन्हा सुरू होऊ शकतात. डायलिसिसने मूत्रपिंड बरं होत नाही, ते बरं होईपर्यंत माणूस जिवंत राहतो. तरुण माणसाला दोन-तीन आठवडे लागतात. या वयात जास्त लागतील, आणि तेवढ्या दिवसांत छाती, हृदय किंवा जंतुसंसर्ग यांपैकी काहीतरी आधी गाठू शकतं. म्हणजे शर्यत होती, आणि ती किती दिवसांची हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मानेतल्या शिरेत नळी बसवली. एक दिवसाआड चार तास यंत्र. ते चालवणारा तंत्रज्ञ पस्तिशीचा, मूळचा जुन्नरचा. त्याच्या वडिलांचं तिथल्या बाजारात भांड्यांना कल्हई करण्याचं दुकान होतं. तात्यांच्या लग्नातल्या पातेल्यांना त्याच्या आजोबांनी कल्हई केली असणार, असा हिशेब त्या दोघांनी पहिल्याच दिवशी लावला. मग तो यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून तात्यांशी जुन्नरच्या बाजाराच्या गप्पा मारायचा आणि बोलता बोलता दर पंधरा मिनिटांनी रक्तदाब घ्यायचा. एकदाही चुकला नाही.

दिवसाला सहाशे मिली पाणी, असा हुकूम होता. औषधाबरोबरचं पाणी आणि चहा त्यातच. शेजारच्या खाटांवर यावरून रोज भांडणं होत. आमच्याकडे एकही झालं नाही, कारण तात्या वीस-बावीस वर्षं आमच्या चारीचे, म्हणजे कालव्याच्या आमच्याकडच्या फाट्याचे, पाटकरी होते. कालव्याला पाणी सुटलं, की कुणाच्या शेताला किती तास, हे ठरवणारा आणि दारं उघडणारा-मिटणारा माणूस म्हणजे पाटकरी. त्यांनी माझ्याकडून एका बाटलीवर चिकटपट्टीच्या सहा खुणा करून घेतल्या आणि दिवसाच्या सहा पाळ्या पाडल्या. पुढच्या पाळीतला घोट आधी घ्यायचा नाही. काकीने एकदा दया येऊन अर्धी वाटी जास्त पुढे केली, तर म्हणाले, "एकाला दिलं की सगळी चारी दारात येती." नर्स ती बाटली इतर पेशंटना दाखवायला घेऊन जायच्या.

दुसऱ्या आठवड्यात गावाकडून भेटायला माणसं येऊ लागली. आजाऱ्याकडे मोकळ्या हाताने जायचं नाही, ही रीत. आमच्या चारीच्या अगदी शेवटाला ज्याचं शेत होतं, तो शेतकरी एकटा एसटीने आला. शेवटच्या शेताला पाणी सहसा पोचत नाही. तात्यांच्या काळात ते पोचायचं, कारण ते स्वतः टोकापर्यंत चालत जाऊन बघत. त्या उपकाराची जाणीव ठेवून तो आला होता. आमच्या भागात शहाळ्याने लघवी सुटते, असं सगळेच खात्रीने सांगतात. वॉर्डात शहाळं नेऊ देत नाहीत म्हणून त्याने गेटवरच दोन फोडून घेतली आणि पाणी स्टीलच्या झाकणाच्या तांब्यात भरून वर आणलं. काकी आंघोळीला गेली होती, मी कामावर निघून गेलो होतो.

तात्यांनी ते पाणी घेतलं. मात्र फुकट घेतलं नाही. तांब्या अंदाजाने चार पाळ्यांचा, म्हणून त्यांनी बाटलीतल्या उरलेल्या चारही पाळ्या सोडून दिल्या. माप बरोबर होतं. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम असतं, बंद मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही आणि त्याने हृदय थांबतं, हे कुणीतरी त्यांना समजावून सांगायला हवं होतं. आम्हाला सांगितलं होतं. आम्ही त्यांच्यापर्यंत फक्त पाण्याची मर्यादा पोचवली, कारण तेवढीच अवघड जाईल असं आम्हाला वाटलं.

संध्याकाळी तंत्रज्ञ घरी निघाला होता. यंत्राचा दिवस नव्हता, तरी जाता जाता तो खाटेपाशी आला. तात्या म्हणाले, पाय उचलत नाहीत. त्याची नजर बाटलीवर गेली. त्या वेळेला ती जवळजवळ रिकामी असायची. चार खुणा भरलेल्या होत्या. त्याने विचारलं, "तात्या, दुसरं काय पिलात?" तात्यांनी खरं सांगितलं. तो डॉक्टरांकडे धावला. नाडी मंद झाली होती, हृदयाचा आलेख बिघडला होता. शिरेतून इंजेक्शन दिलं आणि तासाभरात यंत्र लावलं. डॉक्टर नंतर म्हणाले, सकाळपर्यंत थांबलो असतो तर उपयोग नव्हता. बाटली बघून निदान झाल्याचं त्यांनीही पहिल्यांदाच पाहिलं.

नको कसं म्हटलं नाही, असं मी दुसऱ्या दिवशी तात्यांना विचारलं. ते म्हणाले, तो माणूस दोन एसट्या बदलून आला होता. त्या शेतकऱ्याला मात्र काकीने निरोप धाडून सगळं कळवलं, आणि शब्द मऊ केले नाहीत: "पावणं, तुमच्या शहाळ्यानं धनी निघालं व्हतं, पर त्यास्नी नाय म्हणता आलं न्हाई. तुमी आता बाकीच्यांना नाय म्हणा." त्याने ते काम अंगावर घेतलं. भेटायला निघालेल्या प्रत्येकाला तो नारायणगावच्या स्टँडवर गाठायचा आणि पिशव्या तपासायचा. नंतर एकाची तक्रार आली, की त्याने वारूळवाडीची द्राक्षं काढून घेतली आणि तिथेच खाल्ली.

या प्रकारानंतर तात्या खचले. तापही आला. तीन आठवडे होत आले होते, लघवी दिवसाला चमचाभर. तात्यांचे थोरले भाऊ दादा, आमच्या घरातले सगळ्यात वडील, जीप घेऊन आले. त्यांचं म्हणणं कठोर नव्हतं. एकाहत्तर वर्षं झाली, मुलींची लग्नं झाली, मानेत नळी खुपसून किती दिवस ठेवायचं, घरी अंगणात नीट जाऊ दे. वॉर्डात त्याच आठवड्यात घोडेगावचे एक निवृत्त शिक्षक गेले होते. वय तेवढंच. दादांनी ते पाहिलं होतं. मलाही त्यांचं पटत होतं, हे इथे नोंदवलं पाहिजे.

डॉक्टरांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. निर्णय तुमचा, म्हणाले. सगळे काकीकडे बघू लागले. ती तोपर्यंत दाराशी उभी होती. ती पुढे आली आणि तिने एकच प्रश्न विचारला.

"डॉक्टर, म्हातारं हायेत म्हणून सोडायचं, का बरं व्हणार न्हाईत म्हणून?"

डॉक्टरांनी तात्यांचे कागद पुढे ओढले. मग म्हणाले, "बरे होणार नाहीत असं मी म्हणू शकत नाही. साप चावेपर्यंत हा माणूस रोज दहा मैल चालत होता. नुसतं वय बघून मी यंत्र बंद करणार नाही."

"मंग दोन आठवडं ऱ्हाऊ द्या," काकी दादांना म्हणाली. "जीप तवा आणा. बसवून न्यायला, न्हाईतर निजवून न्यायला."

दादा रागावले नाहीत. जाताना त्यांनी आपली घोंगडी तिच्याजवळ ठेवली, कारण वॉर्डातल्या फरशीवर ती नुसत्या सतरंजीवर झोपत होती.

त्यानंतर चार वेळा यंत्र लागलं. ताप पाचव्या दिवशी उतरला. नवव्या दिवशी खाटेखालच्या भांड्यात दीडशे मिली लघवी जमली. वॉर्डातल्या मावशींनी ती फेकण्याआधी खाटेखाटेला दाखवली. दुसऱ्या दिवशी तीनशे, मग सातशे, मग दोन लिटर. दोन लिटर झाल्यावर डॉक्टरांनी भरपूर पाणी पिण्याचा हुकूम दिला. तात्यांना तो पटायला दोन दिवस लागले. ठरल्या दिवशी दादा जीप घेऊन आले. तात्या पुढच्या सीटवर बसून घरी गेले.

ते पुढे दहा वर्षं जगले. चारीचं काम त्यांनी सोडलं, चालणं सोडलं नाही. त्या सगळ्यांचे आभार मानायचे राहून गेले असं नाही. पेढे घेऊन मी दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी तंत्रज्ञ दुसऱ्या शहरात गेलेला होता.

यंत्र बंद झालं त्या सकाळचं थोडं सांगायचं राहिलं. तंत्रज्ञाने ते तात्यांच्या खाटेपासून ढकलत खिडकीजवळच्या खाटेशी नेलं. मंचरजवळच्या एका गावातली बाई तिथे आदल्या दिवशी आली होती. जुलाबांनी तिची मूत्रपिंडं बंद पडली होती. तिचा मुलगा हातात संमतीचा कागद धरून उभा होता. सही करत नव्हता. त्याने काकीला तात्यांचं वय विचारलं. तिने एकाहत्तर सांगितलं. आमची आई चौऱ्याहत्तर, तो म्हणाला, आणि कागदाकडे बघत राहिला.

"मंग तीन वर्सांनी मोठी हाय, भाऊ," काकी म्हणाली. "येवढंच."

त्याने नर्सला सही कुठे करायची ते विचारलं.