न जोडलेला स्पीकर

भूत, भानामती, अंगात येणं असल्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाणारा माणूस. जळगावच्या एका आयटीआयत मी वायरमनचा ट्रेड शिकवायचो. करंटला जायला रस्ता लागतो, रस्ता तुटला की दिवा बंद, एवढंच माझं अध्यात्म. आता रिटायर झालो तरी त्यात काही फरक नाही. तेव्हा खाली लिहिलेलं वाचून कोणी मला तोडगे सुचवू नयेत ही विनंती. मला तोडगा नको आहे. मला कारण हवं आहे, आणि ते एवढ्या वर्षांत सापडलेलं नाही...

गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. आम्ही मूळचे अमळनेर तालुक्यातले, वडील गेल्यावर जळगावला घर केलं. घरात मी आणि आई. धाकटी बहीण शालू शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यात दिलेली. मी नुकतीच धुळ्याहून एक सेकंडहँड अ‍ॅम्बॅसेडर आणली होती. शालूने बघितल्या बघितल्या नाक मुरडलं. "भाऊ, गाडीमा टेप नही? मंग मी एस्टीनीच येस." एवढं ऐकल्यावर टेप बसवणं आलंच. डेक आणि दोन स्पीकर धुळ्यालाच घेतले. दुकानदार म्हणाला, आमचा माणूस फिट करून देईल. मी म्हटलं, जो पोरांना वायरिंग शिकवतो तो दुसऱ्याकडून वायरिंग करून घेणार का? राग आला होता मला, खोटं कशाला सांगू.

आखाजीचा दिवस होता. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो – अक्षय्य तृतीयेला आम्ही खानदेशात आखाजी म्हणतो. आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठा सण. सासरच्या मुली माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि त्यांना आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी घागर भरायची असते. नवी मातीची घागर, तिच्यावर खरबूज, सांजोरी, आंबे. मग गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि घास सोडत एकेका पितराचं नाव घ्यायचं. ही आगारी. ती टाकल्याशिवाय त्या वर्षीचा आमरस कोणी तोंडाला लावत नाही.

शालूच्या सासरकडून निरोप होता, आमच्याकडची घागर झाली की दुपारून न्यायला या. म्हणून मी सकाळीच काम काढलं. गाडी अंगणात, ओट्याला लागून. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवलेली, ते मी पोरांनाही पहिल्या दिवशी शिकवायचो. डेक अजून घरात खोक्यातच. मी मागच्या सीटवर बसून एक स्पीकर मांडीवर घेतला होता. त्याला दोन वायरी सोल्डरचा डाग देऊन जोडल्या होत्या आणि त्यांची दुसरी टोकं सोलून माझ्या डाव्या हातात होती. कशालाही न लावलेली. हे मी मुद्दाम सांगतोय, नंतर लागणार आहे.

आगारी टाकायचा मान खरं तर घरातल्या पुरुषाचा. पण मी असल्या गोष्टींना हात लावत नसे, म्हणून आईच टाकायची. ओट्यावर निखारे घेऊन बसली होती. गाडीची दारं उघडी, तिचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं. आजोबांचं नाव घेतलं. आजीचं घेतलं. मग वडिलांचं, जरा थांबून. आणि त्याच सुरात, त्याच हाताने पुढचा घास सोडत ती म्हणाली, "शालू..."

तूप चरचरलं. मी मान वर केली. आईचा हात निखाऱ्यावर तसाच राहिला होता.

"काय बोलनू मी?" ती म्हणाली. मग उठून थेट गाडीच्या दारापाशी आली. "भाऊ, मी शालूनं नाव लिनं का रे?"

मी हसण्यावारी नेणार होतो. सकाळपासून तिच्या तोंडी शालूच होती, शालूला सांजोरी, शालूला आंबे, त्यात जीभ घसरली असेल. तेवढ्यात माझ्या मांडीवरचा स्पीकर थरथरला. त्याच्या कागदी पडद्यावर माझा अंगठा होता, अंगठ्याला ते आधी कळलं, कानाला नंतर. शालूचा आवाज. बारीक, पण अगदी तिचाच, जराशी रुसल्यासारखा.

"भाऊ, माय मन्हं नाव काब्र लेस? मी शे ना आजून."

आई माझं नाव का घेते, मी आहे ना अजून... एवढंच. मग स्पीकर गप्प.

मला भीती वाटली नाही. मला वाटलं मी उन्हाने भ्रमलो. आई मात्र कपाळाला हात न लावता, न रडता म्हणाली, "चाल. आत्तेच चाल. मी बी येस."

बॅटरी जोडली, स्पीकर सीटवर टाकला आणि निघालो. धरणगाव, अमळनेर, बेटावद... वैशाखाचं ऊन, खिडकीतून भट्टीसारखी हवा. आईने निखाऱ्यावरचा हात पदराखाली घेतला होता, बोटं भाजली होती हे मला नंतर दिसलं.

गल्लीच्या तोंडाशीच कळलं. बाया बसलेल्या होत्या. घरात घागर भरलेली नव्हती, कोरडी भिंतीला टेकवून ठेवलेली.

शालूला आठवडाभर ताप होता. शिंदखेड्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं, धुळ्याला न्या, लगेच न्या. सासू म्हणाली होती, "आखाजी व्हई जाऊ द्या, मंग धुयाले लई जाऊत." सणावाराला घरातली सून दवाखान्यात नको, म्हणून. आम्हाला कळवलं नाही, कारण मी दुपारी येणारच होतो! मी त्या माणसांना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. ती माणसं मान खाली घालून बसली होती आणि त्याचा मला अजूनच संताप आला.

आईने शेजारच्या अक्काला एकच विचारलं, "कव्हय गयी?"

"तांबडं फुटनं तव्हय," अक्का म्हणाली. "रातभर भाऊ उना का, भाऊ उना का, करे." भाऊ आला का, असं रात्रभर.

सकाळीच त्यांनी एका माणसाला एस्टीने जळगावला पाठवलं होतं. तो पोचला तेव्हा आमच्या दाराला कुलूप होतं.

आता हिशेब सरळ आहे. शालू पहाटे गेली. आईने नाव घेतलं ते ऊन वर आल्यावर. म्हणजे आईचा काहीही दोष नाही. पण आईने हे कधीच मानलं नाही. त्या दिवसापासून तिने आमरस सोडला. रोज एकच. "तिनी सांगं मी शे म्हनीसन. आनि मी तिले पितरस्मा बसाडी दिनं." तिच्या लेखी आपण नाव घेईपर्यंत शालू जिवंत होती आणि ते नाव घेण्याने गेली. अक्काचं म्हणणं, डॉक्टरने दिलेला मृत्यूचा दाखला, सगळं तिला खोटं वाटायचं. कारण तिने शालूला बोलताना ऐकलं होतं.

मी तिला हरतऱ्हेने समजावलं. तो आवाज शालूचा नव्हता म्हटलं. लांब वायर कधीकधी एरियलसारखी रेडिओ पकडते म्हटलं. हे मीच मला पटवत होतो. मी तोच स्पीकर, त्याच वायरी घेऊन त्याच जागी कितीदा बसलो, बंद डेक जोडून, न जोडून. कधी खर्रकनसुद्धा आवाज आला नाही. डेक शेवटी बसवलाच नाही, गाडी तशीच विकली.

आई अंथरुणाला खिळली त्या वर्षी, आखाजीच्या आधी, मी परत एकदा तिच्याजवळ बसलो. म्हटलं, माय, ती बॅटरीची तार चुकून लागली असेल, कुठला तरी रेडिओ असेल, तू मनातून काढून टाक. तिने माझा डावा हात हातात घेऊन मूठ उघडली.

"वायरी तं तुन्हा हातमा व्हत्यात, भाऊ. मी देख्यात."

मी मूठ परत मिटून घेतली.

ती गेल्यापासून आगारी मी टाकतो. विश्वास नाही, तरी टाकतो. आजोबा, आजी, वडील, आई. मग तुपाचा चमचा हातात तसाच राहतो. शालूचं नाव तोंडाशी येतं आणि मी ते आजवर एकदाही घेऊ शकलो नाही.