साहेबांच्या टकलावरची मालगाडी

लातूर जिल्हा नवा होता तेव्हाच्या एका उन्हाळ्यात मी एका सरकारी साहेबांच्या टकलावर मालगाडीच्या डब्याचा नंबर छापला. चांगला ठळक. लांबून वाचता येईल असा.

(मी चौथी शिकलेली बाई. परक्या माणसापुढं माझी जीभ टाळूला चिकटते. कागद काही विचारत नाही, म्हणून त्याच्याशी बोलते.)

आमचे हे रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. दिवसभर डाळीची पोती डब्यात चढताना बघायची आणि घरी आलं की तसलेच डबे करत बसायचं, हा त्यांचा छंद. डालड्याच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा कापून, ठोकून, डाग देऊन माझ्या लाटण्याएवढ्या लांबीचे मालगाडीचे डबे ते करत. मालधक्क्यावर मालडब्याला 'वाघीण' म्हणतात. त्यामुळं सासूबाई (त्यांना मी आत्याबाई म्हणायची) गल्लीत सांगत, "आमच्या लेकानं घरात वाघिणी पाळल्यात. चारा न्हाई, पाणी न्हाई, नुसती जागा खात्यात!"

डबे करण्यापर्यंत ठीक होतं. पण डबा झाला, तपकिरी रंग दिला, छान चकचकीत दिसायला लागला की हे तो मळवायला घेत! चिमणीची काजळी, विटेची पूड, माझ्या जुन्या तव्याचा खरवडलेला गंज, सगळं रॉकेलमध्ये कालवून बारीक कुंचल्यानं डब्याच्या कडेकडेनं लावायचं. वर म्हणायचं, "आता जरा वापरातला दिसून राहिला."

"नव्याला गंज कशाला लावता?" मी विचारलं.

"खरा डबा उन्हापावसात फिरतो. हे बघ, हे पावसाचे ओघळ."

"यंदा पाऊस कुठं पडला?"

"हे मागल्या सालचे ओघळ हायेत," हे म्हणाले आणि पुन्हा कुंचला बुडवला.

जन्मभर मी घरातल्या मळक्या वस्तू घासून लख्ख केल्या आणि माझ्या नवऱ्यानं लख्ख वस्तू मळक्या केल्या. एकदा मी एक डबा भांड्यांबरोबर राखेनं घासून काढला. हे जेवताना माझ्याकडं बघत नव्हते, डब्याकडं बघत होते. घरात मयत झाल्यासारखं.

पण त्या साली गोष्ट खेळापुरती राहिली नव्हती. जिल्हा नवा झाला म्हणून कचेरीच्या मैदानात मोठं प्रदर्शन भरणार होतं. देवणीचे बैल येणार होते, डाळीच्या गिरण्यांचे नमुने येणार होते, आणि 'लातूरचा मालधक्का' म्हणून ह्यांची गाडी मांडायची असं ह्यांच्या मनात होतं. रेणापूरचे आमचे थोरले दीर आले की दरवेळी म्हणायचे, "अरे, लेकरं मोठी झाली की खेळ सोडत्यात, तू मोठा झाल्यावर धरलास!" हे हसायचे. पण दीर गेल्यावर बराच वेळ डब्यांवर कापड तसंच राहायचं. मला वाटायचं, एकदा, फक्त एकदाच, ह्या माणसाची गाडी चार लोकांनी थांबून बघावी.

प्रदर्शनाचे साहेब नांदेडहून बदली होऊन आलेले होते. देगलूरकर नाव. त्यांनी ह्यांना सांगितलं होतं, "गाडी घरी येऊन बघतो. खऱ्यासारखी वाटली तरच टेबल देईन. नुसते रंगवलेले पत्रे नकोत."

खऱ्यासारखी म्हणजे डब्यांवर नंबर हवेत, भार किती टन ते हवं, रेल्वेच्या बारीकसारीक सूचना हव्यात. एवढं बारीक हातानं लिहिता येईना. मग सिकंदराबादच्या एका दोस्तानं ह्यांना छापांचा कागद करून पाठवला. नव्या शिलाई मशीनवर सोनेरी अक्षरं असतात ना, तसले छाप. कापून पाण्यात भिजवायचे, कागद सुटतो, आणि पांढऱ्या अक्षरांचा कांद्याच्या पापुद्र्यासारखा पडदा सरकवून डब्यावर बसवायचा. दोस्तानं बजावलं होतं, "एकच कागद आहे. दुसरा मिळणार नाही."

साहेब यायचे त्या दिवशी हे सकाळपासून कात्री घेऊन बसले. दुपारी म्हणाले, "परातीत तांब्याभर पाणी दे."

तांब्याभर! आमच्याकडं त्या उन्हाळ्यात पाण्याला नेमणूक होती. भाजी धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं पाणी अंगण शिंपायला. आत्याबाई तर चूळसुद्धा जास्वंदीच्या बुडाशी भरायच्या. मी म्हटलं, "वाटीत न्हाई का भागणार?"

"एकमेकांना चिकटतात. दे तर खरं. काम झालं की तुझं पाणी तुला परत!"

मी दिलं. आणि हा 'परत' शब्द मी मनात नीट बांधून ठेवला.

तेवढ्यात गल्लीत आरडाओरडा झाला. टँकर! हे कात्री टाकून दोन्ही घागरी घेऊन पळाले. मी आत ज्वारी निवडत होते. आणि टँकर गल्लीच्या एका तोंडाशी उभा असताना दुसऱ्या तोंडानं साहेब आले. संध्याकाळी यायचे ते दुपारीच!

उन्हानं लालबुंद झालेले, डोक्यावर कानांच्या मागं तेवढी झालर, बाकी सगळं मोकळं रान. आत्याबाईंना डोळ्यांनी कमी दिसायचं, पण पाहुणा ओळखू यायचा. "या बसा, या बसा! अगं ए, साहेबांना पाणी आण!"

झाकून ठेवलेला प्यायचा एक तांब्या मी दाराआडून पुढं सरकवला. साहेब प्याले आणि म्हणाले, "आजी, हात-तोंड धुवायला थोडं मिळेल का? फार धूळ बसली."

रांजणात खडखडाट. पाहुण्याला पाणी नाही म्हणायचं? आणि मी? मी तर 'आहे' हेसुद्धा म्हणू शकत नव्हते! मग मला परात आठवली. माझं परत मिळायचं पाणी! त्यात कागदाचे कपटे होते. मला वाटलं, अक्षरं लावून झाली, हे राहिलेले कपटे. (डब्यांवर कापड होतं. उचलून बघायला मला कुणी बंदी केली नव्हती.) पाणी गाळायचं पांढरं फडकं बादलीवर धरलं, परात त्यावर ओतली, कपटे निवडून टाकले आणि स्वच्छ पाणी पुढं ठेवलं. त्या पाण्यात अक्षर नव्हतं की टिंब नव्हतं. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

साहेबांनी तोंड धुतलं, डोक्यावर दोन ओंजळी घेतल्या. "अहाहा! जरा टॉवेल?"

घरातले टॉवेल धुण्याच्या गाठोड्यात, आणि धुणं पाण्याच्या वाटेवर डोळे लावून. घरात स्वच्छ कापड एकच. हातातलं फडकं. मी ते पिळून दाराबाहेर हात काढून दिलं. साहेबांनी कपाळ पुसलं, टकलावर फडकं दाबून दाबून फिरवलं आणि समाधानानं खुर्चीवर बसले.

ज्वारीचं सूप पुन्हा उचलून मी दाराच्या फटीतून बघितलं आणि माझ्या हातातलं सूप खाली पडलं.

साहेबांच्या टकलावर चारशे सात नंबर होता. कपाळावर 'भार १८ टन'. कानाच्या वर 'धक्का मना'. पांढऱ्या फडक्यावर अडकलेले पांढरे पापुद्रे मला दिसलेच नव्हते!

आता दुसरी कुणी असती तर सरळ म्हणाली असती, साहेब, असं असं झालंय. मी काय केलं? आत्याबाईंना खुणा केल्या. डोक्याकडं बोट, मग फडक्याकडं, मग पुन्हा डोक्याकडं.

"काय गं? चहा ठेव म्हंतीस? ठेव की!"

मी जोरजोरात मान हलवली.

"साखर न्हाई? उसनी आण!"

"आजी, चहा नको हो," साहेब म्हणाले.

"न्हाई कसं? सूनबाई हट्ट धरून राहिली!" आत्याबाई म्हणाल्या. मग डोळे बारीक करून त्या साहेबांच्या जवळ गेल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं बया! साहेबांनी गोंदून घेतलंय की! कुठल्या जत्रंत गोंदलं म्हनायचं? लई बारीक काम हाय!"

"गोंदण? माझं?" साहेबांनी कपाळाला हात लावला.

नेमके त्याच वेळी हे दोन घागरी घेऊन दारात आले. साहेबांकडं बघून हसले. परातीकडं बघून हसणं थांबलं. पुन्हा साहेबांकडं बघितलं, आणि घागरी खाली ठेवून ओरडले, "साहेब, हात लावू नका! पुसू नका! हालू नका!"

साहेब जागच्या जागी ताठ झाले. "काय आहे? विंचू?"

"विंचू न्हाई साहेब. चारशे सात हाय."

आत्याबाईंच्या कुंकवाच्या पेटीचा आरसा आणला. एवढासा आरसा! साहेबांना त्यात एकावेळी एकच शब्द दिसे. ते आरसा फिरवत फिरवत स्वतःला वाचत होते. माझ्या डोळ्यांपुढून प्रदर्शनातलं टेबल चाललं होतं. त्यामागून थोरले दीर हसत चालले होते.

"हे निघतं का?" साहेबांनी शेवटी विचारलं.

"घासलं तर लगेच निघंल," हे म्हणाले. मग चाचरत, "पण साहेब, एकच कागद हाय. ओल्या कुंचल्यानं सरकवून काढलं तर... पुन्हा लावता येईल."

"म्हणजे तुम्हाला माझ्या डोक्याची काळजी नाही, अक्षरांची आहे?"

"डोक्याला काही होत न्हाई साहेब. अक्षरं फाटत्यात."

साहेबांनी आरसा खाली ठेवला. मग त्यांचं पोट हललं, मग खांदे, आणि मग ते असे हसले की 'भार १८ टन'च्या मधोमध सुरकुती पडली. "अहो, हसवू नका साहेब!" हे कळवळून म्हणाले. मग तर ते जास्तच हसायला लागले.

आणि त्या भल्या माणसानं काय केलं? खुर्चीवर मान खाली घालून बसले! ह्यांनी ताज्या घागरीतलं पाणी कुंचल्यानं टकलावर सोडायचं, पापुद्रा अलगद सरकवायचा, आणि मी तोंडावर पदर घेऊन डबा साहेबांच्या कानाला लावून उभं राहायचं. अक्षर डोक्यावरून डब्यावर उतरायचं. साहेब मधूनमधून विचारत, "कुठवर आलो?" आणि हे सांगत, "आता एकच डबा राहिला, साहेब."

सगळी अक्षरं काही धड आली नाहीत. चारशे सातमधला सात अर्धा गेला, 'धक्का'ची एक कड फाटली. ह्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी गंजाचा कुंचला घेतला आणि फाटलेल्या कडेवर हळूच फिरवला, वर थोडी काजळी, थोडी विटेची पूड. आणि काय सांगू, तो डबा वीस वर्षं उन्हात फिरून आल्यासारखा दिसायला लागला! साहेबांनी डोकं पुसत डबा हातात घेतला. (ह्या वेळी स्वतःचा रुमाल काढला.) "धक्क्यावर असंच असतं हो," ते म्हणाले. "एकाही डब्याचा नंबर धड वाचता येत नाही. टेबल दिलं तुम्हाला. पुढच्या रांगेत."

ते गेल्यावर मी ह्यांच्या रागावण्याची वाट बघत चुलीपाशी बसले. हे आले, रिकामी परात माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "पाणी परत म्हटलं होतं मी, तू साहेबांनाच दिलंस की!" आणि हसायला लागले. त्यानंतर ह्या गोष्टीवरून मला कधी टोचून बोलले नाहीत. साहेबांनीही कचेरीत कुणाला सांगितलं नाही. आत्याबाईंनी सगळ्या गल्लीला सांगितलं, पण त्या शेवटपर्यंत गोंदणच म्हणत राहिल्या, त्यामुळं कुणाला काही कळलं नाही. कितीतरी घरांत एवढ्यावरून ताटं आपटली असती. मला माणसं चांगली मिळाली, हे मी तेव्हापासून मनात धरून आहे.

प्रदर्शनात गाडीपुढं ही गर्दी! रेणापूरचे दीर तर टेबलाला टेकून उभे होते आणि येईल त्याला सांगत होते, "माझ्या भावानं केली." मी मागं, कनातीच्या खांबाला चिकटून. तेवढ्यात जिल्ह्याचे मोठे साहेब आले, शेजारी आमचे देगलूरकर साहेब. मोठ्या साहेबांनी फाटक्या 'धक्का'वरून बोट फिरवलं, ह्यांची पाठ थोपटली आणि एकदम माझ्याकडं वळले.

"वहिनी, ह्यात तुमची काय मदत झाली?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. देगलूरकर साहेब डोळ्यांनी विनवत होते. मी पदर घट्ट धरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसांपुढं माझा आवाज फुटला. "मी फक्त पाणी गाळून दिलं."

देगलूरकर साहेबांचा हात आपोआप टकलावर गेला.

"वा!" मोठे साहेब लोकांकडं वळून म्हणाले. "ऐकलंत? दुष्काळाच्या दिवसांत पाणी गाळूनच घेतलं पाहिजे! प्रत्येक घरात ह्यांच्यासारखी बाई हवी!"

टाळ्या पडल्या. एका ओळीचं तेवढंच भाषण मी जन्मात केलं. देगलूरकर साहेब मात्र टाळ्या वाजवत नव्हते. प्रत्येक घरात माझ्यासारखी बाई असेल तर नांदेडला परत बदली मिळते का, याचा ते विचार करत असावेत.