सांधणी

१९३१ साल. मी एकोणीस वर्षांचा. शाळा तिसरीतच सुटली होती, पण हातमागावर कुणी माझ्याकडं बोट दाखवलं नव्हतं.

वडिलांना आम्ही नायना म्हणायचो. घरात तेलुगू, बाहेर मराठी. नायनांनी कीर्तनात एकदा 'पुनर्जन्म' शब्द ऐकला आणि शेजारच्या मास्तरांना त्याचा अर्थ विचारला.

"पुनः म्हणजे परत आणि जन्म म्हणजे उपजणं. दोन शब्द जोडलेत."

"म्हंजे सांधणीच की ओ मास्तर!" मास्तर हसून हसून खोकायला लागले.

ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपला तरी आम्ही माग रिकामा करत नसू. फणीत जुने धागे वीतभर राखायचे. नव्या ताण्याचा एकेक धागा, बोटाला राख लावून, त्यांना पिळायचा. ही सांधणी. त्या दिवसापासून नायना तिला पुनर्जन्मच म्हणायचे. "माझ्या बापाच्या ताण्याला माझा जोडलाय, माझ्याला तुझा."

त्याच साली नायना खोकून खोकून गेले. आमच्यात सुतकात माग थांबतो. सुतक फिटलं की पहिली सांधणी थोरल्या मुलानं करायची. पण माग मालकाचा, सूतही त्याचंच. मी त्याच्या दारात गेलो.

"एकच ताणा द्या. सांधणी तेवढी होऊ द्या."

"गिरणीचं लुगडं सोडून तुझं कोण घेतंय? बाप गेला, आता मागबी जाऊ दे की लेका."

सुतक फिटलं त्या दिवशी मी वाटीत राख घेऊन मागावर बसलो. सूत आलं नाही. मालकाचे दोन गडी आले.

"ओ धाकलं नायना, उठताय का मागासकट उचलू?"

मी उठलो नाही. त्यांनी माझ्यादेखत फणीजवळचे धागे सुरीनं कापले आणि माग सोडवून नेला. नायना पाय सोडून बसायचे तो खड्डा तेवढा घरात राहिला. आई त्यात वाकून कापलेली टोकं वेचत होती. मी म्हणालो, "कशाला?" ती वेचतच राहिली.

माणूस परत जन्मतो म्हणतात. जन्मत असेल. जोडायला मागचं टोक लागतं, एवढं मला कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या दारात उभा राहिलो. जॉबरनं, म्हणजे माणसं कामावर घेणाऱ्या मुकादमानं, माझी बोटं पाहिली. "विणकराचा दिसतोस. सांधणी येती का?"

"न्हाय," म्हणालो, आणि त्यानं दिलेला झाडू घेतला.