सैफुद्दीनची हिरवी रेघ

ग्रंथ बघायला येणारे लोक चित्रकाराचं नाव विचारतात, अक्षर लिहिणाऱ्याचं विचारतात. चौकट कुणी आखली, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही, आणि कागद कुणी घोटला हे तर विचारायची पद्धतच नाही. म्हणून शिराझच्या सुभेदाराच्या ग्रंथशाळेत आम्ही दोघं बिननावाचे लोक शेजारी बसायचो. मी नौरोज. अक्रोडाच्या फळीवर कागद पसरून अकीकाच्या दगडानं तो आरशासारखा होईस्तोवर घोटायचा, हा माझा धंदा. सैफुद्दीन चित्राभोवती रेघा आखायचा. आत सोन्याची, मग काळी, लाल, निळी, आणि सगळ्यांत बाहेर हिरवी.

त्याचा हिरवा रंग घरी तयार व्हायचा. आमच्याकडे निम्मं काम घरातल्या बायकाच करतात, फक्त ते कुणी बोलून दाखवत नाही. त्याची बायको गौहर ही रंग खलणाऱ्याची मुलगी. तांब्याचा कळंक, शिरका, डिंक असं सगळं खलून ती शिंपल्यात भरून द्यायची आणि हा तो शिंपला घेऊन यायचा. त्यात काय काय आहे, याची त्यानं कधी चौकशी केली नाही. मी तरी माझ्या बायकोला खळ कशी शिजवतेस म्हणून कुठं विचारलं?

त्याची तक्रार वेगळीच असायची. भात पांढरा असतो ही. जेवणाचा डबा उघडला की सुरू. मी दर महिन्याला केशर आणतो, ते जातं कुठं? मुंग्या खातात की ही एकटी खाते? सगळी ग्रंथशाळा हसायची. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा माझ्यासमोरच त्यानं तिला टोचलं.

"पाहुणा आलाय, आज तरी चार काड्या टाकायच्या होत्यास."

"कामाला लागलं," ती म्हणाली, आणि ताक वाढायला लागली.

आम्हाला वाटलं, टाळतेय.

त्या वसंतात ती तापानं गेली. तीन दिवसांत. चौथ्या दिवशी सैफुद्दीन कामावर हजर. मी जागचा उठलो, त्याला जवळ घेतलं, तर माझ्या हातांत माणूस नव्हता, घडी घातलेली सतरंजी होती. रडला नाही. पुढेही रडला नाही. समोर ठेवलेलं खायचा, विचारलेल्याला उत्तर द्यायचा, रेघ मात्र पूर्वीसारखीच सरळ. मला त्याचा राग यायचा, खरं सांगतो. चौदा वर्षांचा संसार, आणि डोळ्यांत टिपूस नाही.

रंग तो आता स्वतः खलायचा. कळंक, शिरका, डिंक. पहिला शिंपला आणला तेव्हा चित्रकार म्हणाले, वा, हा तर अधिक ताजा दिसतो. "असेल," तो म्हणाला. त्या वेळी हातात राजेलोकांच्या कथांचा मोठा ग्रंथ होता, अठ्ठावन्न पानांचा. तो पुरा झाला, उंटावरून कझवीनच्या दरबारात गेला, आणि आम्ही विसरलो.

अकरा वर्षांनी तो ग्रंथ परत आला. आणणाऱ्या सरदाराच्या माणसानं एक पान उचललं आणि त्यातलं चित्र खाली पडलं. चौकट हातात, चित्र सतरंजीवर. ग्रंथशाळेचे प्रमुख मौलाना शुजा यांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. नौरोज, कागद कुजका होता, म्हणाले. माझी साठी उलटलेली. कागदाचा ठपका बसला असता तर या वयात मला दारात कुणी उभं केलं नसतं. पण खरं म्हणजे पोटापेक्षा मला अपमान जास्त लागला. मी म्हटलं, पानं उलटा. सगळा कागद एकाच गठ्ठ्यातला, एकाच दगडानं घोटलेला. कुजका असेल तर सगळा कुजायला हवा.

मौलानांनी पानं उलटली. एकतीस पानं धडधाकट. बत्तिसाव्यापासून हिरव्या रेघेखालचा कागद जळून तपकिरी झालेला, जणू कुणी सुरीनं चारी बाजूंनी कापलाय. हिरव्यानं कागद खाल्ला होता.

सैफुद्दीन पुढे आला. एकतिसाव्या पानावर हरणांच्या शिकारीचं चित्र होतं. त्यानं त्याच्या चौकटीवर बोट ठेवलं.

"इथपर्यंत गौहरचा रंग आहे," तो म्हणाला. "या पानावर शिंपला संपला. पुढचा मी केला."

ती काय घालायची, असं मौलानांनी विचारलं. त्याला सांगता येईना. मग गौहरच्या बहिणीला, नर्गिसला, बोलावणं गेलं. ती दुसऱ्या एका घरी रंग खलायची. आली, पान बघितलं, नाकाजवळ नेलं.

"यात केशर कुठंय?" ती म्हणाली. "केशर नसलं तर हिरवा कागद खातो. आमच्या बाबांनी आम्हाला पहिलं हेच शिकवलं. भावजी, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"मी विचारलं नव्हतं."

मला तो पांढरा भात आठवला. त्याचा चेहरा होता तसाच होता.

मौलानांनी त्याला काढून टाकलं नाही, एवढं मानलं पाहिजे. निकाल दिला तो असा. सगळ्या अठ्ठावन्न पानांच्या चौकटी कापायच्या, नवा कागद जोडायचा, नव्यानं आखायचं, म्हणजे ग्रंथ एकसारखा दिसेल. कापलेल्या पट्ट्या कागदाच्या लगद्याच्या हौदात. तेव्हा सैफुद्दीननं अकरा वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं. म्हणाला, पहिली एकतीस राहू द्या.

"तुझा हिरवा तिच्या हिरव्याशी जुळला, तर राहतील," मौलाना म्हणाले. "चार दिवस देतो. नाही जुळला, तर सुरी तूच चालवायचीस."

नर्गिसला माप ठाऊक नव्हतं. एक चिमूट, एवढंच ती सांगे. सैफुद्दीननं आपली चिमूट घातली, रंग पिवळट आला. नर्गिसची घातली, तरी पिवळट. निम्मी केली, तर थंड, निळसर. मी त्याला तुकडे घोटून देत होतो, तो रेघ ओढत होता, वाळली की एकतिसाव्या पानाशेजारी धरत होता. मौलाना येता-जाता बघून मान हलवायचे. तिसऱ्या दिवशी त्यानं चिमूट सोडली आणि काड्या मोजायला लागला. दहा. बारा. पंधरा. मी म्हटलं, बाबा रे, जरा पाठ टेक. त्याला ऐकूच गेलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारच्या नमाजाच्या आधी त्यानं तुकडा पानावर ठेवला आणि मला बोलावलं. तिची रेघ कुठली आणि त्याची कुठली, ते मला कळेना. मौलानांनाही कळेना. त्यांनी पान उचलून एकतिसांच्या गठ्ठ्यावर ठेवलं आणि निघून गेले.

"सतरा काड्या," सैफुद्दीन मला म्हणाला. "तिची चिमूट सतरा काड्यांची होती. हात लहान होता तिचा."

मग तो उरलेली सत्तावीस पानं आखायला बसला. रडला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही रडला.

ग्रंथ परत गेला त्या दिवशी मी त्याच्याकडे जेवायला गेलो. भात त्यानंच शिजवला होता, पांढराफटक. कोनाड्यात केशराची डबी भरलेली दिसत होती. मी सवयीनं म्हणून गेलो, अरे, चार काड्या तरी टाकायच्या होत्यास.

"कामाला लागतं," तो म्हणाला, आणि मला ताक वाढायला लागला.